वाड्याचं मेझर्ड ड्रॉइंग: विद्यार्थी मंडळाने मोजणीदौरा कसा पार पाडावा

आर्किटेक्चर कॉलेजांतली विद्यार्थी मंडळं दिवाळीनंतर एखादा जुना वाडा, देऊळ किंवा गल्ली मोजून त्याचं मेझर्ड ड्रॉइंग, म्हणजे प्रत्यक्ष मापांवरून काढलेला नकाशा, करायला बाहेर पडतात. कधी नासा इंडिया या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या लुई कान ट्रॉफी स्पर्धेसाठी, कधी कॉलेजच्या स्वतःच्या दस्तावेजीकरणासाठी. पाच दिवस राबून मुलं परत येतात, ड्राफ्टिंगला बसतात आणि तिसऱ्या रात्री कळतं की प्लॅन बंदच होत नाही, म्हणजे भिंतींच्या रेषा एकमेकींना मिळत नाहीत. माजघर ओसरीत घुसतं, जिना माडीवर भलतीकडे निघतो, मागची भिंत शेजाऱ्याच्या घरात जाते. मग कुणीतरी अंदाजाने भिंती सरळ करतो आणि तेच ड्रॉइंग शीटवर जातं.

कारण दर वेळी तेच असतं. खोल्या मोजलेल्या असतात, वाडा मोजलेला नसतो. मोजणी बाहेरून आत आणि मोठ्याकडून लहानाकडे जायला हवी. हा क्रम उलटा झाला की पुढे कितीही काळजी घेतली तरी चूक निस्तरता येत नाही.

हे टप्पे वाई, सासवड, पैठण किंवा नाशिकच्या जुन्या पेठांत भेटतो तशा दोन चौकी, एका माडीच्या, राहत्या वाड्यासाठी लिहिले आहेत. वाडा लहान असेल तर माणसं कमी करा, टप्पे कमी करू नका.

१. वाडा ठरवणं आणि परवानगी

वाडा निवडताना नक्षी बघण्याआधी तीन गोष्टी बघा: सगळ्या खोल्यांत जाता येतं का, मालकी किती जणांत विभागली आहे, आणि कोर्टात वाद चालू आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर दुसरा वाडा शोधा. वाद चालू असलेल्या घरात टेप घेऊन शिरलेली पंधरा-सोळा मुलं कुणाच्या तरी बाजूची आहेत असंच सगळ्यांना वाटतं.

वाडा क्वचितच एकाचा असतो. पुढचा चौक थोरल्या काकांचा, मागचा धाकट्यांचा, रस्त्याकडची खोली चाळीस वर्षांच्या भाडेकरूची, असा प्रकार असतो. परवानगी प्रत्येकाची लागते. एकाची सही घेऊन आत गेलात तर तिसऱ्या दिवशी मागच्या चौकाचं दार बंद झालेलं असेल. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. कुणाकुणाची नावं लागली आहेत ते तिथे दिसतं, शिवाय जागेची हद्द आणि सिटी सर्व्हे नंबर ड्रॉइंगसाठी लागतातच.

परवानगीचं पत्र मराठीत, कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने आणि प्रत्येक कुटुंबाच्या नावाने वेगळं द्या. त्यात एवढं स्पष्ट असू द्या:

- किती मुलं, कोणत्या तारखांना, किती ते किती वाजेपर्यंत येणार
- कोणत्या खोल्यांत जाणार आणि कोणत्या खोल्यांत घरचं माणूस सोबत असल्याशिवाय जाणार नाही
- मोजमापं शिक्षणासाठी आहेत. नगरपालिका, बिल्डर किंवा वाटणीशी त्यांचा संबंध नाही
- फोटो कुठे वापरणार
- काम संपल्यावर घरच्यांना काय देणार

‘बिल्डरने पाठवलंय का?’ हा प्रश्न पहिल्या तासात येणारच. सोबतच्या शिक्षकांनी पहिल्या भेटीत स्वतः जाऊन घरातल्या मोठ्या माणसांशी बोलावं. हे काम ज्युनिअर मुलांवर सोडू नका.

वास्तू संरक्षित असेल तर गोष्ट वेगळी. केंद्राच्या यादीत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आणि राज्याच्या यादीत असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे अर्ज लागतो. तो किमान दोन महिने आधी पाठवा. ड्रोन उडवायचा असेल तर सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा लाल (बंदीच्या) किंवा पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) क्षेत्रात येते का ते आधी बघा.

तपासा: प्रत्येक कुटुंबाची सही असलेली प्रत फाइलमध्ये आहे का? एकही होकार नुसता तोंडी असेल तर तारीख पक्की करू नका.

२. माणसं, तारखा, पैसे

सोळा जण पुरतात. तिघांचे चार गट मोजायला, दोघं फोटोला, एक जण घरच्यांशी बोलून नावं आणि वापर लिहून घ्यायला, आणि एक समन्वयक. समन्वयकाने टेपला हात लावायचा नाही. कोणती खोली झाली, कोणती राहिली, कोणत्या शीटवर काय आहे, एवढंच त्याचं काम. हा माणूस नसलेल्या दौऱ्यात एकच ओसरी दोन गट मोजतात आणि देवघर कुणीच मोजत नाही.

तिघांच्या गटात कामं ठरलेली असतात. एक जण शून्याचं टोक धरतो, दुसरा आकडा वाचून मोठ्याने सांगतो, तिसरा तोच आकडा परत उच्चारून मग लिहितो. हा परत उच्चार वगळू नका. ‘एक बत्तीस’ आणि ‘एक बेचाळीस’ चौकाच्या गलबल्यात सारखेच ऐकू येतात. प्रत्येक गटात एक तरी आधी मोजणी केलेला विद्यार्थी हवा आणि आतल्या खोल्यांच्या गटात किमान दोन मुली हव्यात. माजघर आणि स्वयंपाकघर त्यांना लवकर उघडतं.

तारखा डिसेंबर-जानेवारीतल्या धरा. पावसाळ्यात शेवाळलेला चौक, फुगलेली लाकडं आणि अंधाऱ्या खोल्या, तिन्ही तुमच्या विरोधात असतात. घरातलं लग्न, श्राद्ध आणि गावची जत्रा विचारून घ्या. रोजची वेळ सकाळी साडेआठ ते साडेबारा आणि साडेतीन ते सहा. जेवण आणि दुपारची झोप यांच्या मध्ये येऊ नका.

पैशांत एकच चूक वारंवार होते. मंडळ कॉलेजकडून आगाऊ रक्कम घेतं आणि बिलं कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर येतात. कॉलेजचा हिशोब विभाग ती मान्य करत नाही. निघण्याआधी कॉलेजचं पूर्ण नाव छापलेली चिठ्ठी खजिनदाराकडे द्या आणि प्रत्येक दुकानात तेच नाव लिहून घ्या. प्रवास, राहणं, जेवण, प्रिंट, वाड्यातल्या कुटुंबांना द्यायच्या प्रतींचा संच आणि १० ते १५ टक्के अडीअडचणीला, असे रकाने आधीच पाडा. प्रिंटचा खर्च लोक विसरतात, आणि शेवटी तोच अंगावर येतो.

३. सामान

चार गटांसाठी:

- ३० मीटरचा फायबर टेप: ४
- ५ मीटरचा स्टील टेप: ८
- लेझर मीटर: २
- ओळंबे (दोरीला बांधलेलं वजन, उभी रेषा बघायला): ४
- पारदर्शक पाण्याची नळी, १० मिमी जाडीची, २० मीटर: १
- नायलॉनची पातळ दोरी: १०० मीटर
- कागदी चिकटपट्टी, खडू, कपड्याचे चिमटे
- ए-थ्री बोर्ड आणि कागद, २बी पेन्सिली, लाल पेन
- सुताराचा प्रोफाइल गेज (नक्षीवर दाबला की तिचा आकार धरणारं साधन): १
- विजेऱ्या, मास्क, हातमोजे, प्रथमोपचार पेटी
- घडीची शिडी, शक्यतो जवळपासच भाड्याने

निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे टेप जमिनीवर शेजारी शेजारी पसरून १० मीटरवर ताडून बघा. जुना फायबर टेप ताणून लांबलेला असतो. जो टेप ५ मिमीपेक्षा जास्त फरक दाखवेल तो घरी ठेवा. शून्य नेमकं कुठे आहे तेही बघा: काही टेपांत ते कडीच्या बाहेरच्या टोकाला असतं, काहींत कडीपासून थोडं पुढे पट्टीवर छापलेलं असतं. स्टील टेपचं टोकाचं अँगल हलतं म्हणून तो बिघडला असं समजू नका. ते स्वतःच्या जाडीइतकं मुद्दाम हलतं ठेवलेलं असतं, म्हणजे अडकवून आणि टेकवून दोन्ही मापं बरोबर येतात.

सावध: लेझर मीटर माप कुठून धरतो ते सेटिंग बदलता येतं, मागच्या कडेपासून किंवा पुढच्या. कुणाच्या हातून ते बदललं तर प्रत्येक माप उपकरणाच्या लांबीइतकं, साधारण १० ते १२ सेंमी, चुकतं. रोज सकाळी टेपने मोजलेल्या एका अंतरावर दोन्ही मीटर तपासूनच काम सुरू करा.

मापं फक्त मीटरमध्ये, दोन दशांशांपर्यंत, आणि तपशिलांची मिलिमीटरमध्ये. टेपच्या दुसऱ्या बाजूला फूट-इंच असतात आणि घाईत नजर तिकडे जाते. ती बाजू भिंतीकडे ठेवायची सवय लावा.

४. पहिला अर्धा दिवस: न मोजता फिरणं

टेप पिशवीतच राहू द्या. प्रत्येक गटाने पूर्ण वाडा दोनदा फिरायचा आणि समन्वयकाने तळमजला व माडी यांची एकेरी रेषांची स्केचं काढून प्रत्येक खोलीला क्रमांक द्यायचा. तळमजल्याला त १, त २. माडीला म १, म २. पुढे प्रत्येक कागदावर, प्रत्येक फोटोच्या नोंदीत हेच क्रमांक.

याच वेळी नावं लिहून घ्या, घरचे म्हणतात तशीच. देवडी, सोपा, पडवी, ओसरी, माजघर, कोठी, बाळंतिणीची खोली, न्हाणी. गावागणिक सोपा, ओसरी आणि पडवी यांचे अर्थ बदलतात, त्यामुळे पुस्तकातून नाव लावू नका. घरातल्या आजी ज्याला सोपा म्हणतात तोच त्या ड्रॉइंगमधला सोपा. ‘लिव्हिंग रूम’, ‘बेडरूम’ असं लिहिलेलं शीट त्या घराबद्दल काहीच सांगत नाही, कारण माजघरात रात्री झोपतात, दुपारी निवडणं-टिपणं होतं आणि गौरी तिथेच बसतात.

फिरतानाच धोके ठरवा. वाळवी लागलेल्या तक्तपोशीवर (फळ्यांच्या जमिनीवर) पाय कुठे द्यायचा ते तुळईच्या रेषेवरून ठरतं; दोन तुळयांच्या मधल्या फळीवर उभं राहू नका. सज्जात एका वेळी एकच जण. कौलांवर कुणीही नाही. बंद खोलीत आधी प्रकाश, मग आवाज, मग माणूस: साप, विंचू आणि मधमाश्यांचं पोळं या तिन्हीची शक्यता खरी असते. वटवाघळांची खोली असेल तर मास्कशिवाय शिरू नका.

५. बेसलाइन आणि डेटम

सगळं काम या टप्प्यावर उभं राहतं. त्याला पहिल्या दिवसाची उरलेली दुपार पूर्ण द्या.

बेसलाइन म्हणजे वाड्यातून आरपार ताणलेली एक दोरी. रस्त्यावरून दिंडी दरवाज्यातून, देवडीतून, पुढच्या चौकातून शक्य तितकी मागे न्या आणि तिच्यावर दर मीटरला चिकटपट्टीची खूण करा. दुसरी दोरी चौकात तिला काटकोनात ताणा. काटकोन डोळ्यांनी ठरवू नका: एका दोरीवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर घेऊन मधलं अंतर बरोबर ५ मीटर येतं का बघा.

बऱ्याच वाड्यांत रस्त्यावरून आतलं दिसू नये म्हणून देवडी आणि चौकाची दारं एका रेषेत नसतात. तिथे एक दोरी पोचत नाही. मग पुढची आणि मागची अशा दोन बेसलाइन घ्या आणि त्या त्रिकोणाने जोडा: पहिल्या रेषेवरचे दोन बिंदू आणि दुसरीवरचा एक, तिन्ही बाजू मोजलेल्या. दुसऱ्या रेषेवरच्या आणखी एका बिंदूसाठी हेच परत करा. त्रिकोण फार चपटा नको. एखादा कोन ३० अंशांच्या खाली गेला की मापातली लहान चूकही कागदावर कितीतरी मोठी होऊ शकते.

उंचीसाठी डेटम, म्हणजे सगळ्या उंच्या जिच्यापासून मोजायच्या ती पातळी. पुढच्या चौकातल्या ओसरीच्या जोत्याचा एक घट्ट दगड निवडा आणि त्याच्या माथ्याला ०.०० धरा. त्यापासून बरोबर १ मीटर वर एक पातळी, हीच डेटमची रेषा, पूर्ण वाड्यात फिरवा, पाण्याच्या नळीने किंवा लेझर लेव्हलने. उन्हात लेझरची रेषा दिसत नाही, नळी मात्र कोपऱ्यावरून वळून दुसऱ्या खोलीतही जाते, म्हणून ती सोबत हवीच. नळीत एकही बुडबुडा नको. भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीत येतं का बघा, मगच एक टोक हलवा. मोजताना दोन्ही अंगठे काढलेले असले पाहिजेत.

आता प्रत्येक ठिकाणी डेटमपासून खाली जमिनीपर्यंत मोजा. चौकात १.४६ आलं तर चौकाची पातळी १.०० वजा १.४६, म्हणजे −०.४६. चौकाच्या चारही कोपऱ्यांत आणि मोरीच्या तोंडाशी वेगवेगळं मोजा, पाण्याचा उतार त्यातूनच कळतो.

सावध: खुणा भिंतीवर पेन्सिलने किंवा खडूने करू नका. चिकटपट्टीही चुन्याच्या भिंतीवर लावली तर काढताना पापुद्रा घेऊन येते. पट्टी लाकडी चौकटीवर किंवा खांबावर लावा आणि शेवटच्या दिवशी मोजून काढा.

तपासा: नळी फिरवत पुन्हा पहिल्या खुणेवर या. फरक ५ मिमीच्या आत असेल तरच पुढे जा.

६. तळमजल्याचा प्लॅन

सगळ्यांची कापरेषा, म्हणजे प्लॅनसाठी वाडा ज्या उंचीवर आडवा कापला असं धरायचं ती, एकच ठेवा: त्या त्या खोलीच्या जमिनीपासून १.२० मीटर. या उंचीवर जे कापलं जातं ते जाड रेषेत, त्यावरचे कोनाडे तुटक रेषेत.

आधी बाहेरचा घेर आणि चौकातले खांब बेसलाइनवरून बसवा. प्रत्येक खांबाचा एकच ठरलेला कोपरा घ्या आणि बेसलाइनवरच्या दोन बिंदूंपासून त्याचं अंतर मोजा. तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, मोजू नका, तो वेडावाकडा असतो. कापरेषेच्या उंचीवरचं लाकूड मोजा. दोन खांबांमधला खण सगळीकडे सारखा धरण्याचा मोह होतो. प्रत्येक खण मोजा. असमान खण ही बांधणाऱ्याची माहिती आहे: कुठे नंतर भर घातली, कुठे लाकूड आखूड मिळालं, हे त्यातूनच दिसतं.

मग खोल्या. भिंतीवरची मापं नेहमी रनिंग घ्या. एका कोपऱ्यावर शून्य धरून टेप न उचलता वाचत जा: ०.००, ०.८४ दाराची कड, १.७९ दाराची दुसरी कड, २.६० कोनाडा, ३.०५, ४.२० कोपरा. तुकड्यातुकड्याने मोजलं आणि वीस मापांत प्रत्येकी ५ मिमीची चूक झाली, तर भिंतीच्या शेवटी १० सेंमीपर्यंत फरक पडू शकतो. रनिंगमध्ये शेवटचं मापही ५ मिमीतच चुकतं.

चारही भिंती झाल्या की दोन्ही कर्ण. हे सगळ्यात जास्त वगळलं जातं. ४.२० × ३.१० ची खोली, समोरासमोरच्या भिंती सारख्या, काटकोनात असती तर दोन्ही कर्ण ५.२२ आले असते. एक ५.३१ आणि दुसरा ५.१३ आला, म्हणजे खोली सुमारे दोन अंशांनी तिरपी आहे. चार बाजू आणि एक कर्ण यांनी आकार पक्का होतो; दुसरा कर्ण तुमच्या मोजणीची परीक्षा घेतो. कोठीत पोती रचलेली असतील आणि कर्ण मिळत नसेल, तर कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींच्या कडेने जमिनीवर १-१ मीटरला खूण करून मधलं अंतर घ्या. चारही कोपऱ्यांत.

भिंतींची जाडी दारात मोजा. वाड्यांत दाराच्या बाजू आतून फाकलेल्या असतात, त्यामुळे आतली रुंदी, बाहेरची रुंदी आणि चौकटीची जागा, तिन्ही हवीत. जिथे दार नाही तिथे जाडी बेसलाइनवरून निघते: शेजारच्या दोन खोल्या आपापल्या जागी बसल्या की मध्ये उरते ती भिंत. भिंत अचानक सव्वा मीटर जाड निघाली तर मोजणी चुकली असं धरण्याआधी घरच्यांना विचारा. भिंतीच्या पोटात जिना असतो, किंवा धान्याचं बळद असतं, आणि ते आता लिंपून बंद केलेलं असू शकतं.

तपासा: खोली सोडण्याआधी कागदावर खोली क्रमांक, उत्तर दिशा, तारीख, तिघांची नावं, चार बाजू, दोन कर्ण, डेटमपासून जमीन आणि डेटमपासून छत आहे का? एकही रकाना रिकामा असेल तर बाहेर पडू नका.

७. माडी आणि सेक्शन

माडीच्या भिंती तळमजल्याच्या भिंतींवर जशाच्या तशा बसतात हे गृहीत धरणं ही ड्रॉइंगमधली सगळ्यात महाग चूक आहे. वरची भिंत पातळ असते आणि एकाच बाजूने आत सरकलेली असते. माडीच्या कठड्यावरून चौकात निदान तीन ठिकाणी ओळंबे सोडा आणि ते तळमजल्याच्या खांबापासून किती दूर पडतात ते मोजा. या तीन बिंदूंवर वरचा प्लॅन खालच्यावर बसवायचा. वारा असेल तर ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, लगेच स्थिर होतं.

वरच्या मजल्याची पातळी कठड्यावरून टेप सोडून खालच्या डेटमपर्यंत घ्या, दोन वेगळ्या ठिकाणी. जिन्याच्या पायऱ्या एक मोजून गुणू नका; प्रत्येक पायरी मोजा आणि बेरीज दोन मजल्यांच्या फरकाशी ताडा.

सेक्शनची (वाडा उभा कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगची) रेषा ठरवताना ती चौक, जिना आणि छपराचा कणा यांतून जाईल असं बघा. लांबीतला एक, रुंदीतला एक, आणि दोन चौकांची बांधणी वेगळी असेल तर तिसरा. छताखाली तीन उंच्या घ्या: तुळईच्या पोटापर्यंत, तिच्यावरच्या कडीच्या पोटापर्यंत, कडीवरच्या पाटाच्या (फळीच्या) खालच्या अंगापर्यंत. कडीपाटाच्या वरचा थर जिन्याच्या तोंडाशी उघडा दिसतो, जाडी तिथेच मिळते. दोन कड्यांमधलं अंतर दहा कड्यांचं एकत्र मोजून काढा.

छपरासाठी माळ्यावरून आड्यापर्यंतची (छपराच्या कण्याच्या लाकडापर्यंतची) उंची आणि आड्यापासून भिंतीपर्यंतचं आडवं अंतर. उतार पडताळायला वाशाला सरळ फळी लावून तिच्यावर फोनचा कोनमापक ठेवा. तीन वाशांवर घ्या, कारण एखादा वाकलेला असतोच.

८. तपशील, फोटो, नुकसान

खांबाचं शीर्ष, हस्त (तुळईला आधार देणारा लाकडी हात), चौकटीची पट्टी, कठडा: प्रत्येक प्रकारचा एकच नमुना, पण नीट. प्रोफाइल गेज लावून आकार कागदावर उतरवा आणि एकूण उंची-रुंदी वेगळी मोजा. रंगवलेल्या किंवा भुसभुशीत लाकडावर गेज दाबू नका. तिथे शेजारी मोजपट्टी ठेवून समोरून फोटो.

फोनने फोटो घेताना जवळ जाऊन वाइड लेन्स वापरली की खांब कडेला वाकडे दिसतात. मागे जा आणि दुप्पट झूमवर घ्या. प्रत्येक खोलीचे चार भिंतींचे चार, छताचा एक, जमिनीचा एक, आणि सुरुवातीला खोली क्रमांक लिहिलेल्या कागदाचा एक. तो कागदाचा फोटो नसेल तर पांढऱ्या भिंतींचे शेकडो फोटो नंतर ओळखता येत नाहीत. फोनचा लायडार (लेझरने अंतर मोजणारा) स्कॅन घेतलात तर तो एकूण आकार ताडायला ठेवा. कोपरे त्यात गोल होतात, म्हणून त्यावरून ड्राफ्टिंग नको.

तडे, ओल, वाळवी यांची नोंद वेगळ्या कागदावर. तड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये, कुठून कुठे गेला, आणि ओल जमिनीपासून किती उंच चढली आहे. ‘भिंत खराब’ ही नोंद नाही.

९. रोज रात्री ड्राफ्टिंग

मुक्कामी परतल्यावर जेवणाआधी दिवसाच्या सगळ्या कागदांचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये. जेवणानंतर प्रत्येक गटाने आपल्या खोल्या स्वतः कॅडमध्ये (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) काढायच्या. ज्याने लिहिलं त्यालाच स्वतःचा सात आणि एक वाचता येतो, आणि तोही त्याच रात्री.

कॅडमध्ये आधी बेसलाइन, मग खांब, मग बाहेरचा घेर, शेवटी खोल्या. ऑर्थो, म्हणजे रेषा फक्त आडव्या-उभ्या काढणारं सेटिंग, बंद ठेवा. ऑर्थो चालू ठेवून काढलेला वाडा काटकोनात येतो आणि तुम्ही मोजलेले सगळे कर्ण वाया जातात. खोली न जुळल्यास ताणून बसवू नका. तिथे लाल गोल करा. २० मिमीपर्यंतचा फरक चालेल, कारण १:५० वर तो अर्ध्या मिलिमीटरहून कमी दिसतो. त्यापुढचा प्रत्येक लाल गोल सकाळी समन्वयकाच्या यादीत जातो आणि नवं काम सुरू होण्याआधी परत मोजला जातो.

शेवटचा दिवस या यादीसाठी पूर्ण राखून ठेवा. त्या दिवसाला नवीन खोली लावू नका.

१०. शीट

प्लॅन, सेक्शन आणि एलेव्हेशन (समोरून दिसणारी बाजू) १:५० ला. परिसर १:५०० ला. तपशील १:१० किंवा १:५ ला. ए-वन कागदाची लांबी ८४१ मिमी, म्हणजे १:५० ला ४२ मीटर. समास आणि टायटल ब्लॉक सोडून साधारण ३८ मीटरचा वाडा बसतो. त्याहून लांब असेल तर चौकाच्या मध्यावर नाही, दोन चौकांच्या मधल्या भिंतीवर तोडा.

कापलेल्या रेषा ०.५० मिमी, दिसणाऱ्या कडा ०.२५, फरशी आणि कौलांची आखणी ०.१३. कौलं आणि दगड एकसारख्या हॅचने (कॅडमधल्या तयार आखणीने) भरू नका. जोत्याचे चिरे मोजलेत तर मोजलेलेच काढा. मोजले नसतील तर रिकामी जागा सोडा.

खोल्यांची मराठी नावं युनिकोड ट्रूटाइप फॉन्टमध्येच घाला. कॅडचे एसएचएक्स फॉन्ट देवनागरी दाखवत नाहीत. पीडीएफ करताना जोडाक्षरं फुटतात, म्हणून ‘स्वयंपाकघर’ आणि ‘न्हाणी’ हे दोन शब्द प्रत्येक शीटवर वाचून बघा. फुटले असतील तर मजकूर आउटलाइनमध्ये बदला.

स्पर्धेसाठी पाठवत असाल तर त्या वर्षीचं ब्रीफ (स्पर्धेचं नियमपत्रक) परत वाचा. शीटची संख्या, आकार, फाइलचं वजन आणि कॉलेजचं नाव कुठे यावं-न यावं हे नियम दर वर्षी बदलू शकतात. गेल्या वर्षीच्या सीनिअरच्या आठवणीवर विसंबू नका.

सावध: राहत्या घराचा पूर्ण प्लॅन इंटरनेटवर टाकण्याआधी घरच्यांना परत विचारा. तिजोरीची जागा, मागचं दार, बळदं आणि एकट्या राहणाऱ्या माणसाची खोली सार्वजनिक प्रतीतून काढून टाका.

११. परत देणं आणि सोपवणं

सबमिशननंतर महिन्याच्या आत प्रत्येक कुटुंबाला प्लॅन आणि सेक्शनची ए-थ्री प्रत आणि घरातल्या माणसांचे चांगले फोटो छापून द्या, हातात, जाऊन. तड्यांच्या नोंदीत काही धोकादायक सापडलं असेल, उदाहरणार्थ तुळईचं भिंतीतलं टोक कुजलेलं, तर एवढे दिवस थांबू नका. शिक्षकांना सोबत घेऊन ते दौऱ्यातच सांगा.

मंडळाच्या कपाटात शीट नव्हे तर साइटवरचे मूळ कागद सगळ्यात मोलाचे. वाडा दहा वर्षांनी पडला तर मापं त्यांच्यातच उरतील. ते खोली क्रमांकाने लावून, स्कॅन करून, एका पेटीत ठेवा. कॅड फाइलसोबत डीएक्सएफ (बहुतेक कॅडमध्ये उघडणारी) आणि पीडीएफ प्रतही ठेवा, आणि दोन वेगळ्या ठिकाणी. एखाद्या सीनिअरच्या लॅपटॉपवरची एकमेव फाइल त्याच्या पदवीबरोबर निघून जाते.

पुढच्या कमिटीला देताना वही एकच असू द्या. तिच्यात परवानगीपत्रांच्या प्रती, कोणत्या घरात कुणाशी बोलायचं, शिडी कुठे मिळाली, कोणता टेप खराब आहे, खर्चाचा तक्ता, लाल गोलांची शेवटची यादी, आणि ज्या खोल्या मोजता आल्या नाहीत त्यांचे क्रमांक कारणासह. तेच क्रमांक प्लॅनवरही ‘मोजलेलं नाही’ असं लिहून तुटक रेषेत दाखवा.